सोनपाठी सुतार: माडातली ढोली वापरात आहे का, कसं ओळखावं?

चिपळूणजवळ परसात शेंडा गेलेला, वाळलेला माड आहे. पायवाटेवर कललाय, म्हणून पावसाआधी तोडायचा आहे. मार्चअखेरीपासून सोनपाठी सुताराची जोडी सुमारे ५ मीटर उंचीवरच्या एकाच भोकात टोचत होती, खाली फिकट झिलप्या पडायच्या. २ एप्रिलपासून (आज ६ तारीख) झिलप्या बंद. चोचीत किडा घेऊन आत जाताना कोणी दिसलं नाही. एक पक्षी भोकाशेजारी दहा-पंधरा मिनिटं पिसं कोरत बसतो. ढोली सोडली का? पक्षी आजारी आहे का? आणि माड कधी तोडता येईल?

प्रतिसाद १
झिलप्या थांबल्या म्हणजे बहुधा खोदकाम संपलं. आत गवत-काड्या नसतात. तळाच्या भुशावरच दोन-तीन पांढरी अंडी. खाण्यासाठी टोचणारा सुतार खोडाभोवती वर सरकत जातो, साल उचकटतो, जागा बदलतो. रोज तेच भोक आणि आळीपाळीने दोघे, हे घरट्याचंच काम.

आता नर-मादी वेगळी नोंदा. नराचं डोकं कपाळापासून लाल. मादीचं कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, लाल फक्त मागचा तुरा. दिवसा एक आत गेला, बराच वेळ आतच राहिला आणि दुसरा आल्यावर बाहेर पडला, तर उबवणी चालू आहे. संध्याकाळी नर आत शिरला एवढ्यावर जाऊ नका, अंडी नसतानाही तो ढोलीत झोपतो. पुढे आत-बाहेर फेऱ्या वाढल्या की पिल्लं आली समजा. चोच रिकामी दिसेलच: मुंग्या खाणारे सुतार गिळलेला खाऊ ओकून भरवतात. इथेच बहुतेक जण फसतात.

प्रतिसाद २
पिसांचं म्हणाल तर हे नेहमीचंच. शेपटीच्या बुडाशी तेलग्रंथी असते, तिथलं तेल चोचीने पिसांना लावतो. शेपटीची पिसं एकेक करून चोचीतून ओढतो, कारण खोडावर टेकू तिचाच असतो. पिसं फुगवून, डोळे मिटून बसला आणि जवळ गेल्यावरही उडाला नाही, तर काळजी करा.

१५-२० मीटरवरून, झाडाआड बसून ८ पट दुर्बिणीने बघा. सकाळी दोन तास पुरे. खोडावर थाप मारू नका, मोबाइल काठीला बांधून आत घालू नका.

प्रतिसाद ३
हिशेब असा. पहिलं अंडं आज धरलं, तर अंडी पुरी व्हायला दोन-तीन दिवस, उबवण सुमारे ११, पिल्लं ढोलीत सुमारे २०. म्हणजे १० मे. अंडी उशिरा घातली असतील म्हणून आणखी आठवडा सोडा. त्यानंतर सलग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ कोणीच फिरकलं नाही, तरच करवत. साळुंकी किंवा पोपट शिरले असतील तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अंडी-घरट्याला हात लावू देत नाही, हेही आहेच.

तोवर पायवाट वळवा. ढोलीपाशी खोड पोकळ झालंय, वळिवाच्या वाऱ्यात तिथेच मोडेल.