फ्रेंडशिप एक्सचेंजसाठी जर्मनीला जावे का, आणि परतीचे पाहुणे आमच्या फ्लॅटमध्ये कसे ठेवावेत?

ढोकाळीकर यांचा प्रश्न

नमस्कार. माझे पती ठाण्यातील एका रोटरी क्लबचे सदस्य आहेत. मी स्वतः सदस्य नाही. येत्या मे महिन्यात आमच्या प्रांतातून (म्हणजे आसपासचे अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरीच्या विभागातून) दहा-बारा जणांचा गट फ्रेंडशिप एक्सचेंजसाठी जर्मनीला जाणार असून, आम्हा दोघांची नावे द्यावीत असा क्लबच्या सचिवांचा आग्रह आहे. पंधरवड्याचा कार्यक्रम, तीन गावे, प्रत्येक गावात तिथल्या क्लबच्या सदस्यांच्या घरी मुक्काम, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच मंडळींनी ठाण्यात येऊन आपल्याकडे राहायचे, असे त्याचे स्वरूप आम्हाला सांगण्यात आले आहे.

आमच्या सोसायटीतील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात की, असल्या दौऱ्यांचा सगळा खर्च रोटरीच करते. सचिव मात्र विमानाचे तिकीट आपले आपण काढायचे, असे सांगतात. यातले खरे काय? दुसरे असे की, आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि परक्याच्या घरी रोज जेवणाच्या अटी सांगत बसणे मला अवघड वाटते. सर्वांत मोठी अडचण घराची आहे. घोडबंदर रोडवरील आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि दहावीला जाणारी मुलगी धरून आम्ही चौघे राहतो. तिथे परदेशी पाहुणे कुठे आणि कसे ठेवायचे? जवळपास तेवढ्याच पैशांत प्रवासी कंपन्या पाच देश दाखवतात, हेही घरात रोज ऐकू येते. ज्यांनी असा दौरा केला आहे किंवा असे पाहुणे ठेवले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

वाशीकर यांचे उत्तर

ताई, तुमचे सचिव बरोबर सांगत आहेत आणि सोसायटीतले गृहस्थही अगदीच चुकीचे नाहीत. ते जुन्या योजनेबद्दल बोलत असावेत. रोटरी फाउंडेशनची (रोटरीच्या उपक्रमांना निधी देणाऱ्या संस्थेची) ग्रुप स्टडी एक्सचेंज नावाची योजना १९६५ पासून २०१३ पर्यंत चालली. तिच्यात क्लबचे सदस्य नसलेल्या तरुण व्यावसायिकांना फाउंडेशनच्या खर्चाने परदेशी पाठवले जात असे. फ्रेंडशिप एक्सचेंज ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा आणि हातखर्च ज्याचा त्याने करायचा असतो, तर मुक्काम, घरचे जेवण आणि बहुतेक वेळा गावातल्या गावात फिरणे हे यजमान क्लबकडे असते. संग्रहालयाची तिकिटे, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे भाडे, बाहेरचे जेवण अशा मधल्या खर्चांबाबत दोन्ही प्रांतांनी आधी काय ठरवले आहे, हे नाव देण्यापूर्वी विचारून घ्या, कारण कुरबुरी होतात त्या नेमक्या तिथेच. तुम्ही सदस्य नसणे ही अडचण नाही. या योजनेत सदस्य नसलेल्यांनाही घेता येते.

पाच देशांच्या सहलीशी याची तुलना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना आयफेल टॉवर आणि आल्प्स पाहायचे आहेत त्यांनी खुशाल कंपनीबरोबर जावे, त्यात कमीपणा काहीच नाही. एक्सचेंजमध्ये सकाळी एखादी शाळा, नगरपालिकेचे सभागृह किंवा कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प दाखवतात, दुपारी एखाद्या सदस्याचा कारखाना किंवा शेत दाखवतात आणि संध्याकाळी क्लबच्या सभेत तुम्हाला आपल्या गावाविषयी दहा मिनिटे बोलायला उभे करतात. त्या दहा मिनिटांची तयारी घरूनच करून जा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यालाच आली होती, एवढे एक वाक्य जुन्या चित्रासह दाखवले तरी सभा जागी होते. रेल्वे हा तिकडे सर्वांच्या जिव्हाळ्याचा आणि तक्रारीचा विषय आहे.

जेवणाचा संकोच मनातून काढून टाका. भिडेपोटी गप्प बसणाऱ्या पाहुण्याचे तिकडच्या घरात अधिक हाल होतात, कारण कोणी दुसऱ्यांदा आग्रह करत नाही. ‘नको’ म्हटले की ताट उचलले जाते. अर्जात नुसते ‘शाकाहारी’ लिहू नका, तर मांस, मासे, अंडी चालत नाहीत, दूध, दही, लोणी आणि चीज चालते, असे सविस्तर लिहा. मे महिना तुमच्या पथ्यावर पडणारा आहे, कारण तो पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा हंगाम असतो आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर ही भाजी घरोघरी होते. तिच्यावर घालतात त्या पिवळ्या सॉसमध्ये मात्र अंड्याचा बलक असतो आणि बाजूला हॅम वाढायची पद्धत आहे. वितळलेले लोणी मागितले की प्रश्न मिटतो. गरम जेवण अनेक घरांत दुपारचे असते आणि संध्याकाळी पाव, चीज, काकडीचे लोणचे असा थंड बेत असतो. रोज रात्री वरणभाताची सवय असलेल्याला तो पहिल्या दिवशी खटकतो, म्हणून मेतकूट आणि भाजणी बरोबर असावी. तूप, खवा, पेढे नेऊ नका, कारण बाहेरच्या देशांतून दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे. मे महिना म्हणून हापूसची पेटी न्यायचा मोह होईल, तोही आवरा; रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय ताजा आंबा तिथे आणता येत नाही. नारळाला ती अट नाही.

घरात राहताना एक बारीक गोष्ट विशेष सांभाळावी लागते, ती बाथरूमची. आपल्यासारखी जमिनीत मोरी अनेक घरांत नसते, त्यामुळे शॉवरच्या काचेबाहेर सांडलेले पाणी वाहून जायला जागाच राहत नाही आणि ते खालच्या मजल्याच्या छतापर्यंत पोचू शकते. अंघोळ झाल्यावर काच आणि फरशी पुसण्यासाठी तिथे एक रबरी पट्टी ठेवलेली असते. ती कशासाठी आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून औषधे, सिमकार्ड वगैरे शनिवारीच पाहावे.

कोपरखैरणेकर यांचे उत्तर

व्हिसापुरते सांगतो. गट एक असला तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो आणि बोटांचे ठसेही प्रत्येकाला स्वतः जाऊनच द्यावे लागतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस करता येतो. मे महिन्यात आपल्याकडे सुट्ट्यांची गर्दी असल्याने भेटीच्या वेळा लवकर भरतात, म्हणून जानेवारीअखेर कागद तयार असावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. त्याचे नूतनीकरण करायचे असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आजच घ्या. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

यजमान क्लबच्या निमंत्रणपत्रात तुम्हा दोघांची नावे पासपोर्टप्रमाणे, प्रत्येक घराचा पत्ता आणि तिथल्या मुक्कामाच्या तारखा असाव्यात. तुम्ही सदस्य नसल्यामुळे गटात कोणत्या नात्याने आहात, हेही एका ओळीत यावे. एक्सचेंज संपल्यावर पॅरिस किंवा स्वित्झर्लंड जोडायचा विचार असेल, तर ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो, हे ध्यानात ठेवून दिवस आखा.

नौपाड्यातील एक यजमान यांचे उत्तर

जाण्याबद्दल वर पुरेसे आले आहे. मी येणाऱ्यांबद्दल लिहिते, कारण ठाण्यात असे पाहुणे आमच्याकडे उतरून गेले आहेत.

घराच्या आकाराची चिंता करू नका, पण सासूबाईंची खोली काढून घेऊन ती पाहुण्यांना देणे, हे मात्र करू नका. त्यातून घरात जे अवघडलेपण येते ते पाहुण्यांनाही कळते. मुलीने आठवडाभर आजीबरोबर झोपावे आणि तिची खोली द्यावी, हे सोपे आहे. पाहुणे सकाळी न्याहारी करून कार्यक्रमाला जातात आणि रात्री परततात, त्यामुळे त्यांना लागते ती दोन स्वच्छ अंथरुणे, कडी लागणारे संडास-बाथरूम, प्यायला सीलबंद किंवा उकळलेले पाणी आणि एखादा तास कोणी न बोलावता बसण्याची मुभा. या शेवटच्या गोष्टीत आपण कमी पडतो. दार लोटून बसलेला पाहुणा रुसला आहे असे समजून आपण चहा घेऊन आत जातो! घरी उतरवणेच जमणार नसेल, तर रात्रीचा मुक्काम दुसऱ्या सदस्याकडे ठेवून एक दिवसाचे जेवण आणि फिरवणे आपल्याकडे घेता येते, आणि तेही यजमानपणच मानले जाते. मात्र हे जाण्याआधी क्लबला सांगावे, तिकडचा पाहुणचार घेऊन आल्यावर नव्हे.

खरी मेख वेगळीच आहे. रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि त्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांपासून प्रांताच्या प्रमुखांपर्यंत, म्हणजे प्रांतपालांपर्यंत, सगळे पदाधिकारी बदलतात. तुम्ही मे महिन्यात जाणार आणि पाहुणे हिवाळ्यात येणार, म्हणजे शब्द देणारे एक आणि तो पाळणारे दुसरे. नव्या अध्यक्षांना या उपक्रमात रस नसेल, तर सगळा भार गेलेल्या कुटुंबांवर पडतो. आमच्या ओळखीत एकदा असे झालेले आहे. म्हणून तुमच्या सचिवांना एकच प्रश्न विचारा: परतीच्या भेटीला पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांची लेखी संमती आहे का, आणि गाडी, बाहेरचे जेवण, प्रवेशशुल्क यांचा खर्च क्लबच्या कोणत्या खात्यातून होणार? उत्तर गोलमोल आले, तर मी तरी नाव देणार नाही.

दाखवण्यासारखे ठाण्यात भरपूर आहे आणि त्यासाठी मॉलमध्ये नेण्याची गरज नाही. सकाळी जांभळी नाक्याची भाजी मंडई, गर्दी ओसरल्यावर लोकलने एक फेरी, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतल्या रोहित पक्ष्यांकडे नेणारी बोट, एवढ्यावर आमचे पाहुणे खूश होते. बोट भरती-ओहोटीप्रमाणे सुटते, म्हणून त्या दिवसाची वेळ आधी पाहून मगच बाकीचा कार्यक्रम बसवावा.

ढोकाळीकर

सर्वांची आभारी आहे. मुलगी पुढच्या जूनमध्ये दहावीत जाईल, म्हणजे हिवाळ्यात तिची सराव परीक्षा असणार. पाहुणे डिसेंबरच्या सुरुवातीला यावेत, असे आतापासून सुचवता येईल का?

नौपाड्यातील एक यजमान

जरूर सुचवा, पण तारीख दोन्ही प्रांत मिळून ठरवतात आणि नाताळच्या आधीचे आठवडे जर्मन कुटुंबांना घर सोडायला नको वाटतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा मागून पाहा. तोवर दिवाळी आटोपलेली असते, मात्र मुलीच्या शाळेचे वेळापत्रक आधी हातात घ्या.