मदत हवी आहे: ऑस्ट्रेलियात विमानतळ नियमावली सनसेट होतेय (मुदत संपून आपोआप रद्द), जुन्या मंजुरीवरच्या क्रेनचं काय?

उंचीमर्यादा: केंद्राच्या भाडेपट्ट्यावरील विमानतळाजवळ इमारतीचं काम चालू आहे. क्रेन ओएलएस पृष्ठभागाच्या (विमानांसाठी अडथळ्यांची उंची मर्यादित करणाऱ्या काल्पनिक पातळीच्या) वर जाते. एअरस्पेस संरक्षण नियमावलीखाली अटींसह मंजुरी आहे. नियमावलीची मुदत संपतेय, नवा मसुदा मतांसाठी आलाय. तारीख नक्की कशी काढायची? मंजुरी टिकेल का? अभिप्रायात काय लिहावं?

कलमवाचक: आधी तारीख. लेजिस्लेशन ॲक्ट २००३, कलम ५०: नोंदणीला १० वर्षं झाली की त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारा पहिला १ एप्रिल किंवा १ ऑक्टोबर. १५ मे २०१६ ची नोंदणी असेल तर १ ऑक्टोबर २०२६. मधल्या दुरुस्त्यांनी मुदत वाढत नाही, इथे बरेच जण फसतात. १९९० च्या दशकातल्या नियमावल्यांना मात्र हा हिशेब लावू नका. त्यांच्या तारखा वेगळ्या टप्प्यांनी ठरल्या. शिवाय ॲटर्नी-जनरल कलम ५१ खाली कमाल २४ महिने मुदत पुढे ढकलू शकतात आणि कलम ५१अ खाली संबंधित नियमावल्यांचा एकत्र आढावा घेण्यासाठी त्यांच्या तारखा जुळवू शकतात. म्हणून फेडरल रजिस्टरवर (केंद्रीय कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर) चालू आवृत्तीच्या पानावर दिसते तीच तारीख धरा.

मंजुरीबद्दल: मुदत संपणं म्हणजे नियमावली रद्द होणं. ॲक्ट्स इंटरप्रिटेशन ॲक्ट १९०१ चं कलम ७ आधी मिळालेले हक्क वाचवतं, पण तेवढ्यावर विसंबू नका. मसुद्याच्या शेवटी संक्रमणाचा भाग असतो, तो शब्दन् शब्द वाचा. जुनी मंजुरी 'नव्या नियमांखाली दिल्याप्रमाणे' मानली जाईल, असं स्पष्ट हवं. अटी, अटींत बदल करण्याचा अधिकार आणि निर्णय न झालेले अर्ज, तिन्ही त्यात आलेत का बघा. बहुतेकदा प्रलंबित अर्जच राहून जातात.

मसुदातपासनीस: भर घालतो. क्रेन ३ महिन्यांपर्यंतच असेल तर ती अल्पकालीन धरली जाते. पॅन्स-ऑप्स पृष्ठभागात (उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांसाठी राखलेल्या पातळीत) शिरायला दीर्घकालीन परवानगी मिळतच नाही. मसुद्यात ही मर्यादा आणि तिच्या व्याख्या तशाच आहेत का, जुन्याशी ओळीला ओळ लावून तपासा.

संदर्भित मानकंही पाहा. लेजिस्लेशन ॲक्टच्या कलम १४ मुळे, मूळ कायद्यात परवानगी नसेल तर बाहेरचं मानक 'वेळोवेळी बदलेल तसं' लागू करता येत नाही. ज्या तारखेची आवृत्ती असेल तीच गोठते. बांधकाम नियंत्रणाच्या नियमावलीत याचा फार त्रास होतो, म्हणून आवृत्तीचं वर्ष लिहून कळवा.

उंचीमर्यादा: मत मांडून खरंच काही बदलतं का?

कलमवाचक: बदलतं, पण वेळेत आणि नेमकं असेल तर. कलम १७ सल्लामसलत करायला सांगतं, तरी कलम १९ प्रमाणे ती झाली नाही म्हणून नियमावली अवैध ठरत नाही. नंतर कोर्टात तो मुद्दा चालणार नाही. जे सांगायचं ते आत्ताच. प्रत्येक मुद्द्यात मसुद्यातलं कलम, अडचण आणि तुम्ही सुचवलेलं वाक्य द्या. 'अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलेलं मसुदाकाराच्या कामाचं नसतं.

नंतरची वाट संसदेतून जाते: नोंदणीनंतर ६ बैठक-दिवसांत (सभागृह भरतं ते दिवस) नियमावली सभागृहात मांडतात, तिथून १५ बैठक-दिवसांत नामंजुरीची सूचना देता येते. नामंजुरीने अख्खी नियमावलीही जाऊ शकते, तुमच्या एका ओळीसाठी ती वाट धरू नका.

आणि ठेकेदारासोबतच्या करारात जुन्या नियमावलीचं नाव असेल तर 'किंवा तिच्या जागी येणारी' हे शब्द आजच घालून घ्या. कायदा खासगी करारातला उल्लेख आपोआप बदलत नाही.