बोटीतला फ्रीज टिक करून बंद पडतोय, दुरुस्त करू की सिस्टीमच बदलू?

शिडवाला
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. शिडाची बोट आहे, ३४ फुटी, जुनी. वरून उघडणारा आइसबॉक्स, १२ व्होल्टचा बीडी३५ कॉम्प्रेसर, कंडेन्सरला (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) पंखा, बस्स. इतके दिवस बिनबोभाट चालला आणि आता काय होतंय की पंखा सुरू होतो, कॉम्प्रेसर टिक करतो, जरा थरथरतो आणि गप्प, मिनिटभराने परत तेच. दिवसा सोलर जोरात असताना कधीकधी सुरू होतो पण, रात्री मात्र अजिबात नाही. बॅटरी मॉनिटरवर १२.५ दिसतात म्हणजे बॅटरी ठीक आहे. मेकॅनिक बघून गेला, म्हणाला कॉम्प्रेसर गेला, गॅसही कमी असणार, सगळा सेट बदला. आता बदलायचाच तर परत हवेवर थंड होणाराच घेऊ, की बुडाला ब्राँझची प्लेट लावून समुद्राच्या पाण्यावर थंड होतो तो? इंजिनवर चालणारा होल्डिंग प्लेटवाला (थंडी साठवून ठेवणारी प्लेट) पण कोणीतरी सुचवलाय.

जुना_खलाशी
थांबा, अजून काही विकत घेऊ नका. दिवसा चालतो आणि रात्री नाही यातच निम्मं उत्तर आहे, सोलर चालू असताना व्होल्टेज १३ च्या वर जातं म्हणून त्याला सुरू होता येतं, कॉम्प्रेसर खरंच गेला असता तर त्याला दिवस काय नि रात्र काय. मॉनिटरवरचे १२.५ विसरा, ते बॅटरीपाशी आहेत. मल्टिमीटर घ्या, कॉम्प्रेसरच्या बाजूला जो काळा इलेक्ट्रॉनिक डबा असतो त्याच्याच प्लस-मायनसला लावा आणि टिक होतं नेमक्या त्या क्षणी आकडा बघा, नुसता उभा असताना बघून उपयोग नाही. १२ व्होल्टवर तो डबा साधारण १०.४ ला कटऑफ करतो आणि ११.७ च्या वर गेल्याशिवाय परत चालू करत नाही (हे कंपनीचं मूळ सेटिंग, कोणी रेझिस्टर टाकून बदललं असेल तर वेगळं).

दुसरं म्हणजे त्याच डब्याच्या प्लस आणि डी टर्मिनलमध्ये एक छोटा एलईडी लावा, तो लुकलुकून फॉल्ट सांगतो. १ वेळा म्हणजे व्होल्टेज कमी, २ वेळा पंखा जास्त करंट खातोय, ३ वेळा मोटर स्टार्ट होत नाही, ४ वेळा स्पीड पकडत नाही, ५ वेळा डबा तापलाय. मेकॅनिकने हे बघितलं का विचारा त्याला.

आणि वायर किती जाडीची आहे? १२ व्होल्टला २.५ चौरस मिमीची वायर जेमतेम अडीच मीटरपर्यंत चालते, ६ मीटर लांब असेल तर ६ चौरस मिमी हवी. जुन्या बोटींत स्विच पॅनलमधून फिरून फिरून बारीक वायर नेलेली असते.

बर्फवाली
+१ वरच्याला. गॅसचं मात्र वेगळं लिहिते कारण 'गॅस भरून टाकू' हे औषध सगळ्यावर दिलं जातं आणि त्यानेच चांगल्या सिस्टीम बिघडतात. गेज (गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर) लावू नका, प्रत्येक वेळी लावला-काढला की थोडा गॅस जातोच, आणि यात गॅस असतोच मुळात थोडासा. गॅस बरोबर आहे की नाही ते इव्हॅपोरेटर प्लेटवरच्या (बॉक्सच्या आतली थंड होणारी प्लेट) बर्फावरून कळतं. दिवसा चालेल तेव्हा अर्ध्या तासाने बघा, पूर्ण प्लेटवर सारखा पांढरा थर आला तर गॅस बरोबर आहे, विषय संपला. पाईप आत शिरतो तिथेच थोडा बर्फ आणि बाकी प्लेट कोरडी असेल तर कमी. आणि बॉक्सच्या बाहेर कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या पाईपवर बर्फ चढत असेल तर कोणीतरी जास्त भरलाय.

एक चकवा आहे, नीट थंड होतो मग मध्येच बंद होतो, तासभर बंद ठेवला की परत थंड करतो, असं असेल तर आत ओलावा शिरलाय, तो कॅपिलरीच्या (गॅस आत सोडणारी बारीक नळी) तोंडाशी गोठतो. तिथे नुसता गॅस भरून काही होत नाही, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) बदलून नीट व्हॅक्यूम करावं लागतं. आणि हो, प्लेटवरचा बर्फ सुरीने खरवडू नका प्लीज, ॲल्युमिनियमला भोक पडलं की मग खरंच नवीन घ्यावी लागते.

शिडवाला
काका मानलं तुम्हाला!! बॅटरीपाशी १२.५, आणि डब्यापाशी टिक होताना ९.९. एलईडी एकदाच लुकलुकतो. बॅटरीवरून थेट जाड वायर टाकून बघितली तर पहिल्या फटक्यात सुरू, संध्याकाळी सुद्धा. मग मूळ वायरच्या मागे लागलो तर फ्यूज होल्डरच्या आत सगळं हिरवं झालंय, हाताने ओढला तर लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) वायरसकट हातात आला, आणि एका बाजूचं प्लास्टिक तापून पिवळं पडलंय. प्लेटवर बर्फ पण पूर्ण आला. म्हणजे मेकॅनिकचं ऐकलं असतं तर नवीन सेटसुद्धा याच वायरवर टिकटिक करत बसला असता.

जुना_खलाशी
😄 नवीन वायर टिन केलेलीच (कथलाचा मुलामा असलेली) घ्या, लग नीट दाबून क्रिम्प करा आणि वरून गोंदवाली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). मायनसची बाजू विसरू नका, लोक फक्त लाल वायर बदलतात.

दर्यावर्दी_२
सिस्टीम बदलायचा प्रश्न राहिलाच की, माझं मत देतो. बुडाच्या प्लेटवाला मस्त चालतो, पंखा नाही पंप नाही, आवाज नाही, पण त्यासाठी बोट बाहेर काढून पाण्याखाली भोक पाडायचं, वर शिंपले बसले की डुबकी मारून साफ करायचं, आणि बोट जमिनीवर असताना फ्रीज चालवायची पंचाईत. होल्डिंग प्लेट इंजिन रोज तासभर चालवणाऱ्यांसाठी, सोलर असेल तर मला त्यात अर्थ दिसत नाही. तुमचा हवेवरचा ठेवा, फक्त कॉम्प्रेसर बंद कप्प्यात असेल तर गार हवा आत येईल आणि गरम बाहेर जाईल अशी सोय करा, नाहीतर स्वतःचीच गरम हवा परत ओढत बसतो.

खरा खर्च इन्सुलेशनवर करा. बीडी३५ चालू असताना साधारण चारेक अँपिअर घेतो, निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५० अँपिअर-अवरच्या आसपास. जुन्या बॉक्सला फोम दोन इंचाचा असतो, तोही ओला, मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. झाकणाचं रबर आणि तळाचं ड्रेनचं भोक आधी बघा, गार हवा जड असते, उघड्या भोकातून सगळी खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाचा खोलगट भाग) जाते. तिथे साधं बूच मारलं तरी फरक पडतो.

शिडवाला
ड्रेनला बूच नाहीये हे आत्ता जाऊन बघितलं 🤦 फोम किती जाडीचा आहे ते ड्रेनच्या भोकातूनच मोजता येईल का? बॉक्स न फोडता.

बर्फवाली
येईल. टोक वाकवलेली तार घाला, वाकलेलं टोक बाहेरच्या कडेला अडकवा आणि आतल्या तळापर्यंत खूण करा. तार बाहेर काढल्यावर ओली आली तर फोम भिजलेला असू शकतो, तो खरंच भिजला असेल तर मात्र बॉक्स फोडावा लागेल.