पोरीला दहावीत ९१ टक्के आणि तिला आर्ट्सला जाऊन इतिहास घ्यायचाय. मी तिच्या बाजूने आहे. तुम्ही काय म्हणता?

शिरोलीचा फाउंड्रीवाला

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवायच्या विभागात कामाला आहे. निकाल लागल्यापासून घरात एकच विषय चाललाय. मेहुणे म्हणतात, "एवढे मार्क पाडून आर्ट्स? लोकं काय म्हणतील?" शेजारच्यांनी तर राजारामपुरीतल्या क्लासची फी सुद्धा विचारून आणली.

आमच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी होती. आत फडक्यात बांधलेले, जुन्या मोडी लिपीतले कागद. घरात सगळे सांगत आले, आपल्या पणजोबांच्या वडिलांना जमीन इनाम मिळाली, तेच हे कागद. पोरीने मे महिन्याच्या सुट्टीत मोडीचा वर्ग केला आणि पेटी खाली काढली. मोडीत आधी रेघ ओढतात आणि तिच्याखाली लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो. एका कागदावर ती भिंग घेऊन चार दिवस बसली. वहीत एका बाजूला मोडी अक्षर, दुसऱ्या बाजूला बाळबोध म्हणजे आपली देवनागरी, शंका आली तिथं पेन्सिलने गोल. चौथ्या दिवशी संध्याकाळी म्हणाली, "पप्पा, हे इनामपत्र नाही, गहाणखत आहे. जमीन सावकाराकडं होती आणि नंतर सोडवून घेतली."

माझी आई खवळली. पोरगी शांतपणे म्हणाली, "आजी, कागदात आहे तेवढंच सांगते. आणि या दोन ओळी मला अजून लागलेल्या नाहीत, त्याबद्दल काही बोलत नाही."

ते ऐकून मी ठरवलं. जास्त मार्क पडले की सायन्स, मधले कॉमर्स, उरलेले आर्ट्स ही वाटणी कुणी केली? ज्या पोरीला हे जमतंय आणि आवडतंय तिने ते चांगल्या मार्कांवर, ताठ मानेने का घेऊ नये?

रंकाळ्याचा वारा

मी विरोधात आहे. तुमच्या पोरीचं कौतुक वाटतं म्हणूनच स्पष्ट लिहितो.

सायन्स घेऊन बारावी झाली की बी. ए. ला येता येतं, लॉला जाता येतं, स्पर्धा परीक्षा देता येतात. आर्ट्स घेतल्यावर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी सगळं बंद. सोळाव्या वर्षी स्वतःहून दारं का लावून घ्यायची? मोडी घरी शिकू दे, पुराभिलेखागारात, जुनी सरकारी दप्तरं ठेवतात तिथं, जाऊन बसू दे, कुणी अडवलंय? यूपीएससीला इतिहास वैकल्पिक घेऊन पास होणारे इंजिनिअर काय कमी आहेत?

आणखी एक गोष्ट, जी नातेवाईक तोंडावर बोलत नाहीत. आपल्यासारख्या घरात पोरीला एकच डाव मिळतो. तेवीस-चोविसाव्या वर्षी हातात पगार नसला की लग्नाचा विषय निघतो आणि शिक्षण तिथंच थांबतं. माझ्या बहिणीचं हेच झालं. ती बी. ए. ला वर्गात पहिली होती. आज तिच्या घरात एक पुस्तक नाही. माझं बोलणं तिथनं येतंय.

बिंदू चौक

मी वकील आहे, दिवाणी कामं करतो, त्यामुळं माझं मत उलटं आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात. जमिनीच्या दाव्यात जुना कागद निघाला की आम्ही मोडी वाचणारा शोधत फिरतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने जुन्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा मोडी जाणणारी माणसं किती कमी उरलीत ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

पाच वर्षांच्या लॉला बारावीची कुठलीही शाखा चालते. पण तिथं आल्यावर ज्यांना लांब मजकूर वाचून त्यातला मुद्दा काढता येत नाही, त्यांची फार ओढाताण होते. तुमच्या पोरीने इनाम आणि गहाण यातला फरक कागदावरून धरला. ज्युनिअर म्हणून माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांना हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात.

रंकाळ्याचा वारा, दारं बंद होतात म्हणता. जिथं जायचंच नाही ते दार उघडं ठेवायला दोन वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री रेटायचं, क्लासची फी भरायची आणि शेवटी साठ टक्के घेऊन बी. ए. ला यायचं. असे किती तरी बघितलेत मी.

तासिकेवरचा

दोघांचंही वाचलं. मी इतिहासात एम. ए., प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. जूनमध्ये नेमणूक, मार्चमध्ये सुट्टी, मधल्या महिन्यांत पगार नाही. कॉलेजचं नाव लिहीत नाही. इतिहासावर माझं प्रेम आहे आणि तरीही या पोरीला मी लगेच "ये" म्हणणार नाही.

कारण नोकरी हे एक. दुसरं जास्त लागतं. पेटीतला कागद घेऊन ती चार दिवस बसली, तो आनंद तिला वर्गात मिळेल असं समजू नका. साठजणांच्या वर्गात पंधरा येतात. त्यातल्या दहाजणांना दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून ते आलेले असतात. सर नोट्स सांगतात, पोरं लिहितात, परीक्षेच्या आधी गाइड. बारावीच्या पुस्तकात युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद आणि मराठे, शीतयुद्ध असा सुंदर पट आहे. पण "कारणे लिहा"च्या उत्तरात पाच मुद्दे पाठ असले की झालं. वीस गुणांची तोंडी आणि प्रकल्प असतो, तोही बहुतेक जण मागच्या वर्षीचा उतरवून देतात.

जिला कागद वाचायचाय तिला आपण पाठांतराला बसवतो. मला तिच्यासाठी भीती वाटते ती याची.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

सर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. एकच विचारतो. तुमच्या वर्गात हिच्यासारखी चार पोरं असती तर?

तासिकेवरचा

तर मी वेगळा मास्तर असतो. खरं सांगतो.

दोन वर्षांपूर्वी अशी एक पोरगी आली होती. शाहू महाराजांच्या आरक्षणाचा विषय निघाला. २६ जुलै १९०२ ही तारीख आपल्याकडे सगळ्यांना पाठ. तिने विचारलं, "सर, आदेशात नेमकं काय लिहिलंय?" मी पुढच्या तासाला मजकूर घेऊन गेलो. त्यात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के मागासवर्गीयांना द्या असं आहे. बसलेल्या कुणाला उठवा असं त्यात नाही. मग वर्गात चर्चा पेटली. त्या वेळी कचेऱ्यांत कोण होतं, जागा किती वर्षांनी रिकाम्या होत असतील, शिकलेली पोरंच नसतील तर जागा भरणार कशा? तिथनं आम्ही वसतिगृहांवर आलो आणि १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणावर आलो. दसरा चौकातनं रोज जाणाऱ्या पोरांना तिथली बोर्डिंगं का उभी राहिली ते त्या दिवशी कळलं. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

नऊ वर्षांत असे तास मला बोटांवर मोजता येतील एवढेच मिळाले. ते मिळाले ते त्या एका पोरीमुळं.

ज्युनिअर कॉलेजची बाई

सगळे "आर्ट्स का सायन्स" यातच अडकलेत. पालक म्हणून तुम्ही विषयांचे गट बघा, खरा निर्णय तिथं आहे.

बोर्डाच्या बारावीच्या गणिताच्या पुस्तकावरच "कला व विज्ञान" असं छापलेलं आहे. म्हणजे आर्ट्सला गणित घेता येतं, फक्त तुमच्या कॉलेजात तो गट असला पाहिजे. इतिहास, अर्थशास्त्र आणि गणित असा मेळ मिळाला तर घ्या. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला जायचं तर सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणित लागतं. उद्या तिचं मन बदललं तर हे कामाला येईल. शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, लिहिता येणाऱ्याला तिथं किंमत आहे.

"सोपा विषय" म्हणून काही घेऊ नका. आणि प्रवेशाआधी इतिहासाचा तास खरोखर होतो का, ते तिथल्या बारावीच्या पोरांना विचारा. ऑफिसात विचारू नका.

पंचगंगेकाठची

भूगोल विसरू नका वो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पुराची ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका, हे आमच्यात लहान पोराला पण ठाऊक. पण २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आमच्या गल्लीत का आलं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की किती तासांनी फरक पडतो, नदीकाठी बांधकाम कुठं झालं, हे एका जागी मांडून सांगणारं माणूस आम्हाला मिळालं नाही. दोनदा घर धुतलंय. असा अभ्यास करणारी पोरं इथलीच पाहिजेत.

रंकाळ्याचा वारा

गणिताचं मला माहीत नव्हतं. तो गट मिळत असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा कायम आहे. तासिकेवरच्या सरांना नऊ वर्षांत पक्की नोकरी मिळाली नाही, हे या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि सगळे त्याच्या पुढं निघून गेले. फाउंड्रीवाले, तिला ते वाचायला द्या. आणि एक वचन मागतो. पदवी झाल्यावर तिला अजून चार वर्षं लागली, तरी लग्नाची घाई करू नका. आमच्या बहिणीला ती चार वर्षं कुणी दिली नाहीत.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

वचन दिलं. घरात आईच्या आणि बायकोच्या समोर बोललो, म्हणजे आता मागं फिरता येणार नाही.

पूर्ण धागा पोरीला वाचायला दिला, सरांच्या पगाराचं सुद्धा. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "पुढं फक्त प्राध्यापक व्हायचं असं धरून चालायचं नाही, लॉचा विचार ठेवते. पण इतिहास घेणार." आई अजून फुगून आहे, तरी काल पेटीतला दुसरा कागद स्वतः काढून तिच्यापुढं ठेवला.

इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, गणित असा गट तिने कागदावर मांडलाय. घराजवळच्या कॉलेजात गणित आर्ट्सला देत नाहीत, फोन करून विचारलं. दुसरीकडे देतात, पण केएमटीच्या शहर बसने दोन बस बदलाव्या लागतील. उद्या सकाळची पाळी सुटली की दोघं तिथं जाऊन येतो. बारावीची पोरं गेटवर भेटतील, त्यांनाच विचारतो तास होतो का.