मदत हवी आहे: काडतुसाची क्षमता आणि नळीची लांबी, गोळीच्या वेगाचं गणित कसं मांडायचं?

मंडळी, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं तेव्हापासून पोरं रायफलबद्दल भरपूर विचारतात, आणि मला ते फार आवडतं कारण वायूचा दाब, कार्य, गतिज ऊर्जा सगळं एकाच ठिकाणी सापडतं. पण एका जागी अडलोय.

दाब पहिल्या काही इंचातच कमाल होतो, मग गोळी पुढे सरकेल तशी वायूला जागा मिळते आणि दाब उतरत जातो, त्यामुळे नळीच्या शेवटच्या इंचांनी वेग वाढतो पण थोडाच, हे पटलं. .२२ (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं छोटं काडतूस) मध्ये तर बंदुकीची दारूच इतकी कमी की १६ ते २० इंचात जोर संपतो, पुढे घर्षणच उरतं. (मॅचच्या रायफलींना तरी २६ इंचाच्या आसपास नळी असते, ती वेगासाठी नाही हे उघड आहे, मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाखालीच ठेवतात.)

खरी अडचण मोठ्या काडतुसांची. १५० ग्रेनची (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) गोळी, २४ इंची नळी धरली तर .३०८ या काडतुसाला सेकंदाला साधारण ८६० मीटर मिळतात आणि तेवढ्याच व्यासाची गोळी असलेल्या, पण मोठ्या .३०-०६ काडतुसाला ८८७. आत पाणी भरून मोजलं तर पहिल्यात सुमारे ५६ ग्रेन मावतं, दुसऱ्यात ६८, म्हणजे जागा वीस टक्क्यांहून जास्त आणि वेग जेमतेम तीन टक्के! क्षमता ४ टक्के वाढली तर वेग १ टक्का वाढतो असा ठोकताळा आहे, त्याने पाच यायला हवेत. .३०-०६ चा कमाल दाब थोडा कमी ठेवलेला असतो, ६०,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), .३०८ चा ६२,०००, तेवढ्याने उरलेला फरक भरून निघतो का?

दुसरं, मी प्रसरणाचं गुणोत्तर काढलं, म्हणजे काडतूस आणि नळी यांची मिळून आतली जागा भागिले नुसत्या काडतुसाची जागा. गोळी २२ इंच सरकते असं धरलं की .३०८ ला साडेआठच्या आसपास येतं, .३०-०६ ला सात, .३०० विन्चेस्टर मॅग्नम या आणखी मोठ्या काडतुसाला साडेपाच. म्हणजे नळी कापली तर मॅग्नमचंच जास्त नुकसान, बरोबर ना? मग तो ठोकताळा नळीची लांबी तीच ठेवून लावायचा की हे गुणोत्तर तेच ठेवून? दोन्हीची उत्तरं वेगळी येतायत आणि पोरांना चुकीचं सांगायचं नाहीये. कुणी अंतर्गत बॅलिस्टिक्स (गोळी नळीत असताना काय घडतं त्याचं शास्त्र) शिकलेलं असेल किंवा सैन्यात, रेंजवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, दाब-अंतराचा आलेख अकरावीला झेपेल असा कसा काढायचा तेही सांगितलंत तर फार उपकार होतील.