800 मीटर: 2:48 वरून 2:20, आठ महिन्यांत जमेल का?

दादरची_आई
मुलगी 14 वर्षांची, नववीत आहे. शिवाजी पार्कात आठवड्यातून चार दिवस सकाळी सहाला सराव करते. सध्याच्या वेळा: 400 मीटर 72 सेकंद, 800 मीटर 2:48, 1500 मीटर 6:02. तिच्या सरांनी फेब्रुवारीपर्यंत 800 साठी 2:20 चं टार्गेट दिलंय. हे जमण्यासारखं आहे का? नसेल तर टार्गेट ठरवतात कसं? तिची उमेद मोडायची नाहीये.

लेन_एक
ताई, 2:20 म्हणजे 400 मीटरचा प्रत्येक राउंड 70 सेकंदांत. तिचा जीव खाऊन धावलेला एकच राउंड 72 चा आहे. त्यामुळे आत्ता हे टार्गेट बसत नाही, आणि हे तिला आकड्यांतच दाखवा. म्हणजे "तुला जमणार नाही" असं तिला वाटणार नाही.

ढोबळ हिशोब असा: 800 मधला सरासरी राउंड हा 400 च्या सर्वोत्तम वेळेपेक्षा 6 ते 8 सेकंदांनी हळू असतो. म्हणजे 72 च्या मुलीने 2:36 ते 2:40 धावायला हवं. ती 2:48 धावते. 1500 ची वेळ साधारण 800 च्या दुप्पट अधिक 5 ते 10 सेकंद असायला हवी, म्हणजे 5:45 च्या आसपास. ती 6:02 धावते. दोन्ही हिशोब एकच सांगतात: वेग आहे, दम कमी आहे. हे चांगलंच आहे, कारण या वयात दम पटकन वाढतो.

म्हणून टप्पे असे ठेवा: दिवाळीपर्यंत 2:42, फेब्रुवारीत 2:38. 2:20 हा पुढच्या काही वर्षांचा आकडा आहे, आणि त्याआधी 400 ची वेळ 63-64 वर यावी लागेल.

वेळेपेक्षा आधी मात्र तिच्या हातात असलेलं टार्गेट द्या: बारा आठवडे, दर आठवड्याला चार सराव, एकही घाईघाईचा वॉर्म-अप नाही. वेळ हवेवर, ट्रॅकवर, शेजारी कोण धावतंय त्यावर अवलंबून असते. हजेरी नसते.

पावसातला_धावपटू
वरच्या हिशोबाशी सहमत. फक्त आधी वेळा खऱ्या आहेत का ते बघा. मैदानात चुन्याने आखलेला राउंड क्वचितच नेमका 400 चा असतो. राउंड 10 मीटर कमी भरला, तर 800 ला या वेगात चार सेकंद फुकट मिळतात. मोजलेल्या ट्रॅकवरही बाहेरच्या लेनने धावलं तर उलटं होतं: दुसऱ्या लेनमध्ये प्रत्येक राउंडला साधारण 7 मीटर जास्त पडतात, म्हणजे 800 ला जवळपास तीन सेकंदांचं नुकसान. मरीन लाइन्सचं विद्यापीठाचं मैदान किंवा प्रियदर्शिनी पार्क, कुठल्याही सिंथेटिक ट्रॅकवर परवानगी काढून एकदा तिन्ही वेळा घ्या, वेगवेगळ्या दिवशी. टार्गेट त्यावरून ठरवा.

आता शर्यतीबद्दल. 14 वर्षांची मुलं पहिले 200 मीटर 34-35 सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या 200 ला पाय दगड होतात. 2:42 साठी 200-200 चे तुकडे 39, 41, 41, 41 असे हवेत. केनियाच्या डेव्हिड रुडिशाने 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 800 मध्ये 1:40.91 चा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिला राउंड 49.28 चा होता आणि दुसरा 51.63 चा. फरक फक्त 2.35 सेकंदांचा. पहिले 200 बरोबर 39 ला येणं हेच तिचं पहिल्या दोन स्पर्धांचं टार्गेट ठेवा. अंतिम वेळ काहीही येवो.

दादरची_आई
खूप मदत झाली. चार दिवसांत नेमकं काय करायचं? पावसात मैदानात चिखल असतो, आणि संध्याकाळी क्लास. सर सहा दिवस यायला सांगतायत.

लेन_एक
सध्या चारच दिवस ठेवा. दोन दिवस 30-35 मिनिटं सावकाश धावणं, किलोमीटरला साडेसहा मिनिटं, शेजारच्या मुलीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असं. त्यानंतर 60 मीटरचे पाच स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू वेग वाढवत मोकळ्या पावलांनी धावणं. एक दिवस टेम्पो, म्हणजे दम लागेल पण टिकवता येईल असा वेग: 6 मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये 2 मिनिटं हळू जॉगिंग, वेग 400 ला साधारण दोन मिनिटं. दमटपणात हाच वेग जड जातो, तेव्हा घड्याळ सोडून श्वासावर चाला. चौथा दिवस शर्यतीच्या वेगाचा: 200 चे सहा, प्रत्येकी 40-41 सेकंद, मध्ये 2 मिनिटं चालणं. ती 36 ला मारायला बघेल. अडवा, कारण 36 च्या वेगाने धावून 41 चा अंदाज पायात बसत नाही. चार-पाच आठवड्यांनी 300 चे तीन, 61 सेकंदांत, मध्ये 4 मिनिटं विश्रांती.

तीन आठवडे थोडं वाढवत न्या, चौथ्यात एकूण अंतर एक तृतीयांशाने कमी करा. पावसात बुळबुळीत लाद्यांवर वेगाचा सराव नको. तो दिवस सोसायटीच्या जिन्यावर चढण आणि घरात प्लँक, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणं), पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं असा करा. उतरताना जिना चालत.

क्रीडा_फिजिओ
सहा दिवसांना माझाही विरोध, पण कारण वेगळं. 14 व्या वर्षी उंची अजून वाढत असू शकते. दर महिन्याला त्याच भिंतीवर, त्याच वेळी उंची मोजा. तीन महिन्यांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली, तर त्या काळात स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) आणि वेगाचे तुकडे कमी करा. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर, टाचेच्या मागे किंवा नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबून दुखत असेल, तर लगेच भार उतरवा. लंगडत धावणं अजिबात नको.

पाळी सुरू झाल्यावर मुलींची वेळ वर्षभर, कधी दोन वर्षं जागच्या जागी थांबते. शरीर बदलतंय, म्हणून. तेव्हा वजन कमी कर असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, त्यातून पाळी थांबते आणि हाडं कमजोर होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जाच. सराव नीट चालू असून वेळ घसरत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन ठीक दिसलं तरी साठा रिकामा असू शकतो. जेवणाबरोबर चहा बंद, पालेभाजी-उसळीवर लिंबू. रात्री किमान आठ तास झोप. क्लासमुळे झोपायला अकरा वाजत असतील, तर सकाळी सहाचा सराव आठवड्यातून दोनदाच ठेवा, उरलेले दोन शनिवार-रविवारी थोडे उशिरा, पण एक दिवस वेगाचा आणि एक सावकाश.

पावसातला_धावपटू
सरांशी बोलताना 2:20 खोडून काढू नका. 400 ची 72 ही वेळ समोर ठेवून विचारा, "यातून फेब्रुवारीत किती बसेल?" सिंथेटिकवरच्या वेळा आल्या की इथे टाका, मग 2:42 चा आकडा पुन्हा तपासू.