विषय: समुद्रकाठी पॉइंट टू टू (.२२ बोअरचं) पिस्तूल कसं सांभाळता?

प्रेषक: हर्णैकर (ओहायो)

नमस्कार मंडळी,

पुढच्या मे महिन्यात आम्ही कायमचे हर्णैला येतोय. घर बंदरापासून हाकेच्या अंतरावर. मिरग लागला की तिथे कपाटातल्या चाव्यासुद्धा तांबूस होतात, हे लहानपणापासून बघितलंय. इथे क्लबमध्ये मी रुगर मार्क फोर मारतो. मागचं बटण दाबलं की वरचा भाग उचलून हातात येतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते, म्हणून माझं फार आवडतं. ते सोबत आणता येईल का, हा एक प्रश्न. पण त्याहून मोठा प्रश्न असा की किनाऱ्यावर ज्यांच्याकडे मॅचचं पिस्तूल आहे ते पावसाळ्यात त्याचं काय करतात? आणि लेक चौदा वर्षांची आहे. पॅरिस ऑलिंपिकला मनू भाकर २५ मीटर पिस्तूलमध्ये चौथी आली, ती फायनल बघितल्यापासून तिला पिस्तूलच शिकायचंय.

---

प्रेषक: अलिबागची काकू

हर्णैकर, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. माझ्याकडे पार्डिनी एसपी हे पॉइंट टू टूचं मॅच पिस्तूल आहे आणि आमच्या घरातही खारा वारा थेट येतो.

पहिली गोष्ट, पिस्तूल मारून खराब होत नाही, ठेवून होतं. आपल्याकडे २५ मीटरची रेंज दाराशी नाही. मला वडखळमार्गे वरळी गाठावी लागते, नाहीतर ताम्हिणी चढून बालेवाडी. म्हणजे महिन्यातले बहुतेक दिवस ते घरीच. फ्रेम ॲल्युमिनियमची असते, पण नळी, बोल्ट (नळीमागे मागेपुढे सरकणारा भाग), स्प्रिंगा, स्क्रू सगळं पोलाद. गंज सुरू होतो तो जिथे आपला घाम लागतो तिथे. बोल्ट मागे ओढताना अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात, तिथे आधी तपकिरी ठिपके येतात, टाचणीच्या टोकाएवढे. नखाला खरखर लागली की समजायचं. तेवढ्यातच तेलाच्या फडक्याने पुसलं तर जातात. आठवडा गेला की खड्डा पडतो.

सोबत येणारी फोमची पेटी प्रवासापुरती वापरा. फोम दमट हवा धरून ठेवतो. मी पिस्तूल तेल लावलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात कुलपात ठेवते, शेजारी सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे, आणि श्रावणात ते फार लवकर होतात. काडतुसं वेगळ्या कुलपात, हवाबंद डब्यात. मे महिन्यात गाडीत ठेवू नका, गोळीवरचं मेण मऊ होतं आणि त्याला वाळू, कापसाचे धागे चिकटतात. ते सगळं मग चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत जातं.

लाकडी ग्रिपकडे कोणी लक्ष देत नाही. अक्रोडाचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, थंडीत आक्रसतं. जुलैत घट्ट बसलेला तळव्याचा आधार डिसेंबरात किंचित हलतो आणि गोळ्या कारण नसताना डावीकडे जाऊ लागतात. लोक साइट (नेम धरायची खूण) फिरवत बसतात. आधी ग्रिपचा स्क्रू बघा.

आणि रोज हातात घ्या. रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (ते रिकामं असल्याचं दाखवणारी रंगीत काडी) घालून, भिंतीकडे तोंड. फ्लॅग असताना ट्रिगर ओढता येतो का, पॉइंट टू टूसारख्या रिमफायरला (यात पिन काडतुसाच्या कडेवर बसते) ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर ओढणं चालतं का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. पुस्तिका वाचा, कारण काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आपटते. मी तर बराच वेळ नुसती साइट बघते. हिशेब सोपा आहे. नियमाप्रमाणे दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी साधारण ११ सेंटीमीटर लांब जाते, आणि प्रिसिजनच्या (मॅचमधल्या सावकाश नेमाच्या भागाच्या) टारगेटवर दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचं. हात थोडा डुलला तर नऊ लागतो. साइट वाकडी झाली तर सात.

---

प्रेषक: देवगडकर (ह्यूस्टन)

काकू, इथे मेक्सिकोच्या आखाताच्या काठी हवा अगदी देवगडसारखीच चिकट. माझं स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी मात्र भरपूर तेल घालतो, जाड तेल, आणि गंजाचा एक ठिपका नाही. एक सांगतो, या पिस्तुलाला स्टँडर्ड व्हेलॉसिटीचीच (साधारण वेगाची) काडतुसं द्या. जोरदार हाय व्हेलॉसिटी घालणारे पुष्कळ आहेत. त्याने मार बसतो तो फ्रेमला, आणि टारगेटवर फायदा काहीच नाही.

---

प्रेषक: अलिबागची काकू

काडतुसांबद्दल पूर्ण सहमत. तेलाबद्दल नाही. बाहेरून जाड तेल ठीक, पण बोल्टच्या आत नको. पॉइंट टू टूची गोळी शिसं आणि मेण घेऊन येते, न जळलेली दारूही मागे उडते. जाड तेलात हे कालवलं गेलं की काळा चिकटा तयार होतो आणि बोल्ट हळू होतो. मग रिकामी केस (काडतुसाचं टरफल) बाहेर न पडता बाजूच्या खिडकीत उभी अडकते. रॅपिडमध्ये, म्हणजे मॅचच्या झटपट भागात, टारगेट तीनच सेकंद समोर असतं, मग सात सेकंद वळलेलं, आणि हात ४५ अंशांच्या खालून वर आणायचा. तिथे हळू बोल्ट चालत नाही. मी आत दोन थेंब पातळ तेल घालते आणि रेंजवरून आल्यावर त्याच संध्याकाळी साफ करते.

अडकलं की नवीन माणूस पहिल्यांदा बोल्ट ओढतो. मॅचमध्ये असं कधीच करू नका. पिस्तूल टारगेटच्या दिशेने ठेवून मोकळा हात वर करायचा. अधिकाऱ्याने बघण्याआधी तुम्ही बोल्ट उघडलात तर तो बिघाड तुमच्या माथी बसतो, सिरीज (पाच गोळ्यांचा फेरा) पुन्हा मिळत नाही. बरेचदा दोष पिस्तुलाचा नसतोच. थकलेलं मनगट सैल पडलं की बोल्टला मागे जायला पुरता आधार मिळत नाही.

ट्रिगरशी खेळू नका. नियमाने किमान १००० ग्रॅम हवेत. वजन टांगून तपासतात. मी तीसएक ग्रॅम जास्त ठेवते, कारण धूळ, गार हवा, स्प्रिंग कशानेही थोडं इकडेतिकडे होतं. सिअरची (ट्रिगर ओढेपर्यंत मार अडवून धरणाऱ्या खटक्याची) पकड कमी करून ट्रिगर हलका करणारे भेटतील. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात) त्याने एका ओढीत दोन गोळ्या सुटू शकतात. हे काम कारागिराचं आहे.

---

प्रेषक: नाना (गुहागर)

हर्णैकर, पिस्तूल आणण्याचा विचार तिकीट काढण्याआधी करा, विमानतळावर नाही. आपल्याकडे लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांकडून, म्हणजे तुम्हाला रत्नागिरीहून. ते हातात असल्याशिवाय काहीही पाठवू नका. राहायला परत येणाऱ्यांसाठी कस्टम्सचे वेगळे नियम आहेत आणि अमेरिकेतून बाहेर काढायलाही तिथली परवानगी लागते. ताजे नियम लेखी मागवा. 'आमच्या एकाने आणलं होतं' यावर जाऊ नका. गावात बागायतदारांकडे डुकरं-वानरांसाठी पीक संरक्षणाच्या बंदुका असतात, त्यांच्या लायसन्सचा आणि तुमच्या पिस्तुलाचा काही संबंध नाही, हेही आधीच सांगतो, कारण गावात सगळे तोच सल्ला देतील.

मुलीला आल्या आल्या पॉइंट टू टू देऊ नका. १० मीटरचं एअर पिस्तूल घ्या. २०१६ च्या शस्त्र नियमांत .१७७ बोअरच्या, २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. पडवीत दहा मीटर सहज निघतात, पण मागे भक्कम आड आणि पेलेट (छर्रे) अडवणारी पेटी हवी, आणि येण्याजाण्याचा दरवाजा त्या बाजूला नको. आवाज नाही, धक्का नाही, त्यामुळे ट्रिगर ओढताना डोळे मिटायची सवय लागत नाही. तिला राही सरनोबतबद्दल सांगा, घाटापलीकडे कोल्हापूरची मुलगी, २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण.

---

प्रेषक: हर्णैकर (ओहायो)

नाना, काकू, देवगडकर, मनापासून आभार. रुगर इथे क्लबमधल्या मित्राला देऊन येईन असं आता वाटतंय. लेकीच्या एअर पिस्तुलाची ग्रिप इथूनच घेऊ का? स्मॉल की मीडियम?

---

प्रेषक: अलिबागची काकू

तिथून घेऊन ठेवू नका, चौदाव्या वर्षी हात वाढतो. स्मॉलने सुरुवात करा आणि तर्जनीच्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सरळ पडतो का ते बघा. सांधा पुढे गेला तर ग्रिप बारीक आहे, बोटाचं टोक जेमतेम पोचलं तर मोठी. थोडं कमी-जास्त असेल तर लाकडाची पुट्टी लावून घासता येतं. हर्णैला पोचलात की एका रविवारी तिला घेऊन या, मी माझी ग्रिप तिच्या हातात लावून बघते.